बंद खात्यातली झील

“मॅडम, बँकेतून पैसे कटले, पण सॉफ्टवेअर आत घेईना. तात्या माईकपुढं बसलेत. येता का?”

अंकुशचा फोन आला तेव्हा मी पडेगावात एका कीबोर्डवाल्याकडे बसून नेमका हाच विषय बोलत होते. छत्रपती संभाजीनगरातल्या एका डीलरकडे मी सपोर्टचं काम करते. गाणी रेकॉर्ड करायचं, जोडायचं, सुधारायचं सॉफ्टवेअर आम्ही विकतो, बसवून देतो आणि अडलं की मी जाते. त्या आठवड्यात पुण्याच्या ऑफिसातून मनीष सरांनी आम्हा सगळ्या सपोर्टवाल्यांच्या गळ्यात एक काम मारलं होतं. सबस्क्रिप्शनबद्दल युझर्सना काय वाटतं, ते विचारून या.

तुम्हाला हे प्रकरण माहीत नसेल तर थोडं सांगते. पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं की तुमचं. काही वर्षांनी नवी आवृत्ती यायची. हवी असेल तर थोडे पैसे भरून घ्या, नको असेल तर जुनीवर काम चालू ठेवा. याला पेड अपग्रेड म्हणायचे. मग कंपनीनं ते बंद केलं आणि महिन्याला पैसे घ्यायला सुरुवात केली. भरत राहाल तोवर दार उघडं, थांबलात की बंद.

पडेगावच्या कीबोर्डवाल्याला हे पसंत होतं. “एकदम एवढी रक्कम कुठून आणू, मॅडम? हे बरंय, थोडं थोडं जातं,” असं त्याचं म्हणणं. नव्या पोरांचंही तेच. जुने लोक मात्र खवळून होते. एक बँडवाले चाचा तर मला बघितलं की “आ गयी वसूली” म्हणून चहा सांगायचे. चहा पाजायचे आणि पुढं अर्धा तास बोलायचे. मी ऐकून घ्यायचे. भाव ठरवणारे पुण्यातही नव्हते, ते कुठं बसतात हे मलाही माहीत नव्हतं. शिव्या खायला मी जवळ होते.

अंकुश या दोन्हींत बसत नव्हता. त्याचं घर बिडकीनच्या बाजूचं, मेंढरं राखणारं. तो एकटा शहरात आला. लग्नात, सभेत लाऊडस्पीकर लावायचा धंदा केला आणि मुकुंदवाडीत एक खोली भाड्यानं घेऊन तिचा स्टुडिओ केला. स्टुडिओ कमाईसाठी नव्हता. त्याचे चुलते किसनतात्या आणि त्यांचे गाण्यातले जोडीदार उमाजीमामा यांच्या धनगरी ओव्या नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या, एवढ्यासाठी होता.

पण ही माणसं वर्षभर सापडणार कशी? दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं. आज या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत पडतं म्हणून तो धान्य देतो, उद्या पुढच्या रानात. घरी परतायचं ते पावसाळ्यात. म्हणून रेकॉर्डिंग होणार ते पावसाळ्यातच, आणि एक काम दोन-तीन वर्षं चालणार. कळप निघाला की अंकुश स्टुडिओला कुलूप लावायचा आणि सबस्क्रिप्शनही बंद करून टाकायचा. मी एकदा म्हटलं होतं, चालूच ठेव ना. तो म्हणाला, “माणसं घरी नाय, तर चुलीत जाळ कशाला घालायचा?” त्यांच्या घरात असंच चालत आलेलं. निघताना सगळं आवरायचं, परतल्यावर पुन्हा मांडायचं.

मी पोचले तेव्हा तात्या खुर्चीवर ताठ बसले होते. पटका बांधलेला, कानांवर हेडफोन. हेडफोनमध्ये काहीच वाजत नव्हतं, तरी ते काढायला तयार नव्हते.

अंकुशनं बाहेर नेऊन सगळं सांगितलं. उमाजीमामा उन्हाळ्यात रानातच गेले. रात्री झोपले ते उठले नाहीत. आणि तात्यांच्या गळ्यात गाठ निघाली होती. मी पोचले त्याच दिवशी दुपारच्या आत दवाखान्यात भरती व्हायचं होतं, मग ऑपरेशन. आवाज राहील का, असं विचारल्यावर डॉक्टरांनी नुसते खांदे उडवले होते.

शेवटची एक ओवी राहिली होती. म्हणजे गेल्या पावसाळ्यात दोघांनी गायली होती, पण तात्यांना खोकला झालेला, त्यांचा भाग वाया गेला. मामांचा वेगळ्या माईकवर होता, तो स्वच्छ आला होता. “पुढच्या फेरीला पुन्हा म्हणतो,” असं सांगून तात्या कळपामागं गेले होते. आता त्यांना मामांचा आवाज कानात घेऊन आपला भाग पुन्हा गायचा होता. ओवीत एकजण ओळ म्हणतो आणि दुसरा ती उचलून पुढं नेतो. त्या उचलण्याला झील म्हणतात. तात्यांची झील जन्मभर मामांनीच धरली होती.

कॉम्प्युटर म्हणत होता, खातं बंद आहे. बँक म्हणत होती, पैसे गेले. मी पुण्याला फोन लावला.

“पेंडिंग दिसतंय,” मनीष सर म्हणाले. “उद्यापर्यंत क्लिअर होईल.”

“सर, आज दुपारच्या आत हवंय. पेशंट आहे.”

“पेशंट? स्टुडिओ आहे ना तो?”

मी थोडक्यात सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत. म्हणाले, “माझ्या हातात असतं तर आत्ता चालू केलं असतं. पण ती बटणं आपल्याकडं नाहीत गं.”

माझ्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअरची डेमो कॉपी होती, पण ती फक्त नवं काम करून दाखवायला असते, ग्राहकाचा प्रोजेक्ट तिच्यात उघडत नाही. पडेगाववाल्याकडं उघडला असता, पण पडेगाव शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. जाईपर्यंतच दुपार झाली असती. मग अंकुशनं त्याची जुनी, विकत घेतलेली आवृत्ती काढली. ती मुकाट्यानं उघडली, पैसे मागितले नाहीत, नेट मागितलं नाही. पण प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत केलेला, तो जुनीला वाचता येईना.

“बघा मॅडम,” अंकुश म्हणाला, “आवाज माझ्या घरच्याचा, मशीन माझं, खोलीचं भाडं मी भरतो. अन् मलाच दारात उभं केलंय.”

एक वाट होती. प्रोजेक्ट उघडला नाही तरी माईकमधून आलेल्या मूळ फाइली कॉम्प्युटरमध्ये असतात, त्या साध्या प्लेअरवरही वाजतात. फक्त त्या कच्च्या असतात. काय ठेवायचं, काय कापायचं, कुठलं कशाला जोडायचं, ते सगळं प्रोजेक्टला माहीत असतं. मी मामांची त्या ओवीची फाइल शोधली आणि वाजवली.

आधी खाकरणं आलं. मग मामांचं बोलणं. “किसना, लई घाई करतो तू. दम घे. मी हाय ना मागं.” मग ते हसले. मग कुठूनतरी मधूनच झील सुरू झाली, तुटली, पुन्हा पहिल्यापासून आली.

तात्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मी फाइल बंद करायला गेले तर त्यांनी हातानं नको म्हटलं. ते बोलणं तेवढं त्यांनी आणखी एकदा ऐकलं. मलाच तिथं थांबवेना.

“तात्या, मी धरतो झील,” अंकुश म्हणाला.

त्यांनी प्रयत्न केला. दोन ओळींनंतर तात्या थांबले. “नाय रं. तू चांगला म्हणतो. पण तू माझ्या मागं येतो. उमाजी माझ्या आधी उभा असायचा.”

शेवटी त्यांनीच तोड काढली. “मी म्हणतो एकटा. त्याच्या जागा सोडतो. तुमचं कुलूप निघालं की बसवा त्याला.”

माझ्या लॅपटॉपवर एक फुकटचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर होतं, त्यावर घेतलं. तात्या एक ओळ म्हणायचे आणि गप्प बसायचे. डोळे मिटून, मान हलवत. मामांची झील त्यांना ऐकू येत असावी. आम्हाला फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग पुढची ओळ. गाऊन झाल्यावर पाणी प्याले आणि अंकुशच्या गाडीवर बसून दवाखान्यात गेले.

दुसऱ्या दिवशी खातं चालू झालं. कंपनीचा ईमेल आला, पुन्हा आपलं स्वागत आहे. अंकुशनं आणि मी तात्यांच्या जागांमध्ये मामांना बसवायला घेतलं. बसेना. मामांचा आवाज कानात नव्हता म्हणून तात्या खालच्या सुरात गायले होते, आणि काही जागा आखूड पडल्या होत्या. हे सगळं ओढून-ताणून सारखं करता येतं, त्यासाठीच आमचं सॉफ्टवेअर नावाजलेलं आहे. मी करायला लागले, तर अंकुशनं माझा हात धरला.

“राहू द्या. असं ओढलं की तात्या तात्या राहत नाय, मामा मामा राहत नाय.”

तात्या ऑपरेशनमधून उठले. आवाज गेला, आता नुसती कुजबुज निघते. अंकुशनं त्यांना दोन्ही भाग वेगवेगळे ऐकवले. ते कुजबुजले, “आमचं आमच्यापाशी राहू दे.” ओव्या लोकांपुढं आल्या त्या शेवटची सोडून.

मी पुण्याला युझर्सचं मत लिहून पाठवलं. त्यात हेही लिहिलं, जमेल तितकं सरळ. उत्तर आलं नाही. मला फार वाईट वाटलं असं नाही, कारण मी उत्तराची वाट बघत नव्हते. वाईट नंतर वाटलं, वर्ष सरताना.

कळप दिवाळीनंतर गेला. स्टुडिओला कुलूप लागलं. पण अंकुशनं या वेळी सबस्क्रिप्शन बंद केलं नाही. तिथं कुणी गात नाही, कॉम्प्युटर चालू होत नाही, तरी दर महिन्याला पैसे जातात. मी विचारलं तर म्हणाला, “मामा हाय आत. आता नाय जमत बंद करायला.”

मग ऑफिसातून वर्षाचा आढावा आला. कोणत्या शहरात किती लोक समाधानी, ते त्यात लिहिलेलं असतं. जो मधे खंड न पाडता पैसे भरतो, तो समाधानी. दरवर्षी सोडून जायचा तो या वेळी टिकला, म्हणून आमच्या शहरातून आदर्श ग्राहक अंकुश ठरला होता, आणि मनीष सरांनी खाली मला शाबासकी दिली होती.

तेव्हापासून न चुकता पैसे भरणारा ग्राहक दिसला की मी आधी त्याला विचारते, बाबा, भीती कसली आहे.