हल्ली मुक्काम बीबी

मी घरजावई हाओ. हे मी सगळ्यात आंधी सांगून टाकतो, कारन दुसऱ्यानं सांगितलं तं त्याले लय मजा येते, अन् ती मजा मी त्याले काऊन घेऊ देऊ.

लगन झालं तवा सासऱ्याले वावर होतं, पोरगा नोयता. मले माह्या गावी, दुसरबीडले, भाऊ ढीगभर होते, वावर नोयतं. जमलं. सासऱ्याच्या गावी, बीबीले, आलो तो राह्यलोच. पोरगी इथंच झाली, लग्नाची झाली, पन गाव मले अजून जावईच म्हनते. किरानावाला म्हनते जावईबापू, बकऱ्यामांगचं पोट्टं म्हनते जावईबापू. नवरा एका बाईचा अन् जावई आख्ख्या गावाचा, असा मी एकटाच.

त्यात धोंड्याचा महिना. त्या महिन्यात जावयाले घरी बोलावून, पाय धुऊन अनारश्याचं वान द्या लागते. आता जो घरातच बाजेवर पडेल हाये, त्याले बोलावता कसं? सासूनं तोड काढली. सकाळी आंघोळ झाली का माह्या हाती थैली देऊन मले घराबाहेर काहाडायची. मी एस्टी स्टँडवर जाऊन बसायचो. थैलीत माहाच टावेल. जरा वेळानं उठून परत यायचो, तेही लांबून आल्यावानी, पाय ओढत. सासू दारात उभी. "कोन आलं व माय?" मीच म्हनायचो, "जावई आले." मंग पाय धुनं, वान, अनारसे. सारी गल्ली पाहाले उभी राहायची, अन् मी बी त्याईले पुरेपूर तमाशा द्यायचो.

औंदा पोरीचं वरवट बकालले जमलं. पाहुने घर पाहाले आले, तं त्याईले लोनारचं सरोवर दाखवाले नेलं. आमच्याकडं पाहुना आला का त्याले त्या काठावर उभा कराचं, अन् तो खड्डा आपुनच खोदल्यावानी मान ताठ कराची, अशी रीतच हाये. नवरदेवाचा मामा मास्तर. तो म्हने, वरून दगड पडला, त्याचा हा खड्डा. इथवर मले मालूम होतं. मंग म्हने, दगडाचं काय घेऊन बसले, आपल्या रगतातलं लोखंड बी ताऱ्यायच्या पोटात तयार झालं. पानी बी थोडंफार असंच वरून आलं असंन. पृथ्वी सूर्याभोवती पळून राह्यली, सूर्य बी कुठंतरी निघाला, अन् येवढ्या आभाळात मानसाले राहाले जागा म्हून आपल्याले ठावी हाये ती ही एकच.

मी कठड्याले हात धरला. सारे खाली खड्ड्याकडं पाहाले लागले. मले गप बसवत नाही, तो माहा रोगच हाये. मी म्हनलं, "मास्तर, मंजे सगळेच घरजावई म्हना की."

लय हसले. मामा तं डोळे पुसून राह्यला. मले वाटलं, आज आपुन त्या खड्ड्यापेक्षा मोठे झालो. पोरगी मांगं उभी होती. ती हसली नाही. सासरच्यायसमोर लाजून राह्यली असंन, असं धरून मी चाललो.

मंग लग्नाचं कार्ड. छापखान्यावाल्यानं आपल्या मनानंच 'रा. बीबी' टाकलं होतं. मीच त्याले अडवलं. मनात आलं, वरवटकडं घरोघर कार्ड जाईन, पोरीचं आजोळ अन् बापाचं घर एकच दिसंन, लोकं हसतीन. तोंडानं दिवसभर घरजावई घरजावई करनारा मी, छापाची येळ आली तं लपाले जागा पाहाले लागलो. म्हनलं, 'रा. दुसरबीड, ह.मु. बीबी' टाक. ह.मु. मंजे हल्ली मुक्काम. बदलीवाले सायेब लोकं टाकते तसं. दुसरबीडचं घर भावायनं कवाच पाडलं, तिथं दुकानं काढली. तिथं मी शेवटचा कवा झोपलो ते मलेही आठवत नाही.

संध्याकाळी कार्डाचा नमुना पोरीच्या मोबाईलवर आला. येवढं बारीक मले वाचता येत नाही, म्हून तिनंच वाचून दाखवलं. माह्या नावापाशी थांबली.

"बाबा, हल्ली मंजे कुठवर?"

मी म्हनलं, "तुही आई हाकलून देईन तवरक."

बायको भाकर थापत होती. तिनं मान वर केली नाही. पोरीनं मोबाईल खाली ठेवला.

"मी इथंच जलमली. दुसरबीडले मले कुत्रं बी वळखत नाही. तुमचं गाव दुसरबीड, मंग माहं कोनतं?"

"अवं, तुहं आता वरवट."

हे माह्या तोंडातून असं निघून गेलं, चहा घेता का इचारल्यावानी.

"तिथं तं मी आता जाईन," ती म्हने. "तुमी एकटे गडी सासरी येऊन राह्यले, तं त्याची जलमभर मस्करी चालली. गल्लीतल्या साऱ्या बाया तशाच आल्या. त्याईच्यावर कोनी हसलं का? काठावर तुमी म्हनले सगळेच घरजावई. मले कायचं हसू येईन, बाबा. मी तं निघालीच हाओ."

मी जोक हुडकला. पयल्यांदा सापडला नाही. शेजारची काकू डोळ्यापुढं आली, समोरची वहिनी आली, सगळ्या एक एक थैली घेऊन आलेल्या अन् परत कोनी इचारलं नाही अशा. अन् मी घरातूनच थैली घेऊन निंघायचो, स्टँडवर बसून यायचो, त्याचे अनारसे खायचो.

सकाळी छापखान्यात जाऊन म्हनलं, दुसरबीड काहाड. हल्ली बी काहाड.

"मंग राह्यलं काय?"

"बीबी."

"लोकं हसतीन हं, जावईबापू."

कार्डं छापून झाली तवरक तिथंच स्टुलावर बसून राह्यलो.

कार्डाची थैली घेऊन स्टँडावरून त्याच रस्त्यानं आलो. पानठेल्यावरून एक जन म्हनलाच, काऊन जावईबापू, धोंड्याचा महिना लागला काय? त्याले मी नेहमी एकाचे दोन देतो. आज खाली मान घालून पुढं गेलो. समोरच्या दारानं जायची हिंमत झाली नाही, मांगच्या दारानं गेलो. सासू तिथंच लसून सोलत बसली होती. आता तिले दिसत नाही फारसं. पावलं ऐकून सवयीनं म्हने, "कोन आलं व माय?"

जिभेवर तयारच होतं. गिळलं.

"कोनी नाही. घरचाच हाओ."

"घरचा हाये तं दार लोटून घे. कुत्रं येते."

पोरगी आतून आली, थैली घेतली, उघडून न पाहता आत घेऊन गेली. मी दार लोटलं अन् सासूपाशी लसून सोलाले बसलो.