हेमावती अक्कांनी परत पाठवलेला अर्ज

हेमावती अक्का रायापूरजवळच्या एका कॉलेजच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं क्लार्क होत्या. स्वीकारलेला प्रत्येक कागद त्यांच्या रजिस्टरात चढायचा. नियमाला इतक्या पक्क्या, की सही नसलेला कागद प्राध्यापकांनी आणला तरी परत करायच्या. पण कुणाचा परीक्षेचा फॉर्म राहिला, तर युनिव्हर्सिटीत फोन करकरून भांडायच्याही त्याच.

एका शुक्रवारी दुपारी बी.एस्सी.ची अश्विनी अर्ज घेऊन आली. गेल्या वर्षी पास होऊन गेलेला चेतन रोज आत शिरतो, लॅबपर्यंत मागे येतो, त्याला गेटवर अडवावं, एवढंच लिहिलं होतं.

"विभागप्रमुखांची सही कुठाय?"

"सर रजेवर आहेत, अक्का. सोमवारी येणार."

"मग सोमवारी आण."

"घरी कळलं तर माझं कॉलेज बंद करतील," पोरगी म्हणाली आणि अर्जाची घडी घालून गेली.

शनिवारी सकाळी लायब्ररीच्या पायऱ्यांवर चेतननं तिला भोसकलं. दवाखान्यात पोचण्याआधीच ती गेली.

प्राचार्यांनी पोलिसांना सांगितलं, तक्रारच आली नव्हती. रजिस्टरात खरंच नोंद नव्हती. अक्कांना कुणी काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी त्या आपणहून ठाण्यात गेल्या. "आली होती. मीच परत पाठवली," असा जबाब दिला. आठवडाभरात त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं.

मग त्या कमरीपेठेत अश्विनीच्या घरी गेल्या. तिचे वडील विनायकराव, कापडदुकानदार, मान खाली घालून सगळं ऐकत राहिले.

"तिचं बरोबर होतं," शेवटी ते म्हणाले. "आम्ही बंदच केलं असतं."

आई, सुशीला, दारात उभी होती. "तुम्हाला सांगितलं तिनं. मला नाही सांगितलं." मग म्हणाली, "सांगताना भ्याली होती का?"

नाही म्हणावं, असं अक्कांना फार वाटलं.

"होय," त्या म्हणाल्या.

सुशीला तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. विनायकराव उठले, पण तिच्याजवळ जाऊन काय करावं हे त्यांना सुचेना.

खटला अजून चालू आहे. कॉलेजनं अक्कांना पुन्हा कामावर घेतलं नाही. त्यांची साक्ष झाली, तरी दर तारखेला त्या कोर्टात येऊन मागच्या बाकावर बसतात. सुशीला त्यांच्याशी बोलत नाही. तिनं बोलावं, अशी अक्कांचीही अपेक्षा नाही.