हात फक्त चादरीला

खिळेमास्तरांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते माझ्या खुर्चीमुळे. निवृत्तीनंतर घरी बसून बसून मी ती पार खचवली होती. आमच्याच गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत ते खुर्च्या-सोफ्यांच्या बैठका भरतात. तोंडात सात-आठ खिळे धरून, ओठाच्या एका कोपऱ्यातून ते म्हणाले, "बाई, तुम्ही डाव्या अंगावर बसता. उजवा गुडघा दुखतो का?"

दुखत होता. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत मुलांचे चेहरे वाचले. हा माणूस बैठका वाचत होता.

घरात माणसं तीन. मास्तर, टपाल कचेरीच्या खिडकीवर बसणारी त्यांची बायको आणि बायकोची आई. सासूबाईंना जावई पहिल्यापासून नापसंत. "मुलगी एवढी शिकवली आणि गेली कुणाच्या घरी, तर कापूस कोंबणाऱ्याच्या," हे त्या त्याच्यादेखत आणि त्यानेच भरलेल्या गादीवर बसून म्हणत.

"आई, कापूस गेला. आता फोम कोंबतो," मास्तर म्हणत.

गेल्या वर्षी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया होऊन घरी आल्या, पण खाटेलाच खिळल्या. दोन महिन्यांनी अंग पुसताना मुलीला माकडहाडापाशी लालसर चट्टा दिसला. तिने सगळं जग करतं तेच केलं, तेल लावून चोळलं. मास्तरांमधला कारागीर मात्र जागा झाला. जिथे घासतंय तिथली भरती काढायची, हा त्यांचा हिशेब. त्यांनी जाड फोम कापून मधोमध गोल भोक ठेवलं, वर मऊ मखमल चढवली, कडेने दुहेरी शिलाई घातली. आम्ही शेजारणी ते बघायला गेलो होतो. आठ दिवसांत चट्ट्याची जखम झाली.

दर बुधवारी एक नर्स येऊ लागली. जाडजूड, बोलायला फटकळ.

"हे डोकं कुणाचं?" भोकाचा फोम पाहून तिने विचारलं.

"माझं," मास्तर म्हणाले.

"शिलाई सुंदर आहे. आजच्या आज बाहेर काढा. सगळा भार त्या भोकाच्या कडेवर येतो आणि मधल्या भागाचं रक्त तुटतं. खुर्चीला रक्त लागत नाही, मास्तर, कातडीला लागतं. आणि चोळणं बंद. विरलेलं कापड आपटून धुता का तुम्ही?"

मग तिने सांगितलं ते मास्तरांनी पाटीवर खडूने लिहून घेतलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण कुशीवर, खुब्याच्या हाडावर झोपवायचं नाही, पाठीशी उशी देऊन जरासंच कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी. चादरीला सुरकुती नको, ओल तर क्षणभर नको. खाण्यात दूध, अंडी, डाळी. मलमपट्टी ती स्वतः करणार होती आणि मुलीलाही शिकवणार होती.

"तीन आठवड्यांत जखम आकसली नाही तर हॉस्पिटलात न्यावं लागेल."

"एकदा जाऊन आले," सासूबाई म्हणाल्या. "आता नेलंत तर मी परत येणार नाही, सांगून ठेवते."

त्या धमकी देत नव्हत्या. घाबरल्या होत्या. मास्तरांना ते कळलं.

अडचण अशी की मुलगी नऊ ते सहा कामावर. एक मदतनीस बाई ठेवली, तर सासूबाईंच्या जिभेने तिला चार दिवसांत पळवून लावलं. उरला जावई. आणि सासूबाईंचा हुकूम होता, "जावयाने मला हात लावायचा नाही."

मास्तरांनी एक दिवस विचार केला. दुसऱ्या दिवशी बायकोने कामावर जाण्यापूर्वी आईच्या अंगाखाली, खांद्यापासून मांड्यांपर्यंत, दुहेरी सुती चादर अंथरून ठेवली. मास्तर खाटेशी जाऊन म्हणाले, "आई, तुम्हाला हात लावणार नाही. चादरीला लावीन. कापड माझ्या धंद्यातलं आहे."

चादरीबद्दल सासूबाईंचा काही नियम नव्हता. मास्तरांनी पलीकडचा काठ मुठीत धरून आपल्याकडे घेतला, तशा त्या अलगद कुशीवर आल्या. पाठीमागे उशी सरकली.

नर्सने बुधवारी हे पाहिलं. "वा. लोक ओढतात, फरफटतात, त्यात कातडी सोलते. हे कुणी शिकवलं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

वेळ सांभाळायला समोरची शाळा होती. तिथला तास चाळीस मिनिटांचा, म्हणून दर तिसऱ्या घंटेला मास्तर हातोडी खाली ठेवत. रविवारी शाळा बंद, तेव्हा मी फोन करायचे. "बाई, शाळा सुटली तरी तुमची घंटा सुटत नाही," ते म्हणायचे. आतून दुसरा आवाज यायचा, "उशी दगडासारखी आहे, जावईबापू."

"घट्ट भरायची सवय आहे, आई."

"म्हणूनच धंदा चालत नाही. तुमच्या खुर्च्या मोडतच नाहीत."

मास्तरांनी जखम कधी पाहिली नाही, तो सासूबाईंचा मान होता. नर्स पारदर्शक कागदावर तिची कड गिरवून देई. पहिल्या बुधवारी ती कोटाच्या बटणाएवढी होती. दुसऱ्या बुधवारी तेवढीच. त्या दिवशी मास्तर माझ्या दारात आले.

"सगळं पाटीप्रमाणे करतोय, बाई. काय राहतंय?"

मला काय कळणार? त्यांनाच कळलं, दुसऱ्या दिवशी. त्यांनी चादर वाचली. सुरकुत्या सगळ्या पायाकडे ओढलेल्या. म्हणजे सासूबाई रोज कधीतरी खाली घसरत होत्या. विचारल्यावर त्यांनी उडवून लावलं. शेवटी उलगडा झाला. दुपारी जेवायला पाठीशी लोड लावून बसवलं की त्या तो काढू देत नसत. बसलं की दारातून दुकान दिसे, कोण येतं, काय बोलतं ते कळे. तास-दीड तास त्या तशाच टेकून घसरत राहायच्या आणि जखम पुन्हा पुन्हा ताणली जायची. पाटीवर कूस बदलणं होतं, बसणं नव्हतं.

मास्तरांनी दार समोर येईल अशी खाट फिरवली आणि अठरा वर्षं खिडकीच्या भिंतीला लावलेलं कामाचं मेज दुकानाच्या मधोमध ओढलं. आता कोणत्याही कुशीवरून दुकान दिसू लागलं. जेवण झालं की लोड निघे.

"उजेड अडवलात स्वतःचा," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही सांगा, खिळा वाकडा गेला की."

त्या सांगू लागल्या. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा.

तिसऱ्या बुधवारी कागदावर शर्टाचं बटण उमटलं. "राहू द्या घरीच," नर्स म्हणाली. जखम पुरती भरायला आणखी दोन महिने लागले. भरलेली कातडी कायमची नाजूकच राहते म्हणून पाटी अजून पुसलेली नाही.

यंदा मास्तरांना एका नाट्यगृहाच्या साडेतीनशे खुर्च्यांचं काम आलं होतं. दिवसभर तिकडे जावं लागलं असतं. त्यांनी नाही म्हणून कळवलं. दारातून आत येईल तेवढंच काम ते सध्या घेतात.