बाभळीची फांदी लावलेलं दार

दगडाबाई तीस वर्षं दर हिवाळ्यात पाथर्डीजवळच्या आमच्या गावातून ऊस तोडायला जाते. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत कुठल्या गावचं पाणी बाधतं, कुठला दुकानदार काटा मारतो, सगळं तिला तोंडपाठ. नव्या गावात पोचली की ती आधी ओट्यावरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसते आणि विचारून घेते. गावचा मास्तर मी, पण ऊसतोडीच्या टोळ्या माहिती विचारायला तिच्याकडे जातात.

परवा तिच्या नातीनं, आरतीनं, मोबाईलवर देशभरातल्या गावांची माहिती देणारी वेबसाइट उघडली. आमच्या गावाखाली लिहिलं होतं, ‘निर्जन. लोक गाव सोडून गेले.’ कुणी शहाणा ऐन तोडणीच्या दिवसांत येऊन फोटो काढून गेला होता. दाराला कुलूप, आडवी बाभळीची फांदी. तोडणीला जाताना जनावरं शिरू नयेत म्हणून इथं सगळेच ती लावतात.

दगडाबाईनं मोबाईल डोळ्यांजवळ धरला. घर तिचंच होतं. ती अंगणात थुंकली.

“ह्ये कडंला, शेजारच्या ओट्यावर पाय दिसत्यात, ते आमच्या मामंजींचे,” ती म्हणाली. “इचारलं असतं, तर कोन कुठल्या कारखान्यावर गेलंय, समद्या गावाचं नावानिशी सांगितलं असतं त्यांनी.”