बाबांची साइट व्हिजिट

ॲन आर्बरसारख्या विद्यापीठाच्या गावात ऑगस्ट संपत आला की अर्धं गाव घर बदलतं. सगळ्यांचे भाडेकरार साधारण एकाच वेळी संपतात, त्यामुळे फुटपाथवर सोफे आणि गाद्या बेवारशी पडलेल्या दिसतात. त्या वर्षी माझीही पाळी आली. विद्यापीठातलं काम संपून मला दुसऱ्या राज्यात, ॲशबर्नला नोकरी लागली होती. तिथल्या फ्लॅटचं डिपॉझिट मी एका मैत्रिणीकडून उसनं घेऊन भरलं होतं, आणि इथलं परत आलं की लगेच देते असा तिला शब्द दिला होता. तीही माझ्यासारखीच, पगाराची वाट बघत जगणारी. तेव्हा हे डिपॉझिट परत मिळणं मला भागच होतं.

नेमके तेव्हाच बाबा नागपूरहून आलेले होते. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. ठेकेदाराने बांधलेला पूल किंवा शाळा तपासायची आणि काम कच्चं निघालं की त्याची अनामत कापायची, हे त्यांचं नोकरीतलं सगळ्यात आवडतं काम. ठेकेदार त्यांच्या नावाने बोटं मोडत. आम्हाला घरी त्यांचा अभिमान होता आणि जाचही होता, कारण ते रविवारी आमची कपाटं तपासत.

डिपॉझिटमधून किती कापायचं ते ठरवायला इमारतीच्या ऑफिसातून कुणीतरी घर बघायला येणार, असं मी सांगितल्यावर त्यांची कळी खुलली.

"पदनाम काय त्यांचं?"

"बाबा, पदनाम नसतं. एक मुलगी येईल, पाच मिनिटं बघेल आणि जाईल."

"पाच मिनिटांत काय पाहून राहिली ती?"

त्या दिवसापासून घराचा ताबा त्यांच्याकडे गेला. ओव्हन मी स्वयंपाकासाठी कधी वापरलाच नव्हता, त्यात तवे आणि कढया ठेवत होते. तो बाबांनी गुडघ्यांवर बसून आतून घासला. हातमोजे घालायला ते तयार नव्हते, आणि ओव्हन साफ करायच्या औषधाने त्यांच्या बोटांची सालं निघाली. पण ओव्हन असा निघाला की त्यात काही ठेवायची मला भीती वाटावी.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नव्हती. बेडरूमच्या कार्पेटवर इस्त्रीचा डाग होता. जमिनीवर चादर अंथरून इस्त्री करायची आपली सवय, आणि एकदा फोन घ्यायला उठले तेवढ्यात इस्त्री कलंडली. त्यावर दोन वर्षं कपड्यांची टोपली ठेवली होती. आता टोपली सामानाच्या ट्रकमध्ये गेली होती, म्हणून मी तिथे व्हॅक्यूम क्लीनर उभा करून ठेवला, जणू काम करता करता तिथेच राहून गेला.

मुलगी आली ती धापा टाकत. लिफ्टमध्ये कुणाची तरी गादी अडकली होती. हातात टॅबलेट, कपाळावर घाम. तिने प्यायला पाणी मागितलं. मी ग्लास शोधायला वळले तर बाबा मराठीत म्हणाले, "तपासणी झाल्यावर दे. उगीच तिची अडचण होईल."

"बाबा, नुसतं पाणी आहे."

"सुरुवात पाण्यानंच होते."

ती बिचारी दारातूनच फोटो काढायला लागली. ते बाबांना सहन होईना. त्यांनी तिला बाथरूममध्ये नेलं, नळ सोडून दाखवले, खिडकी नीट बसत नाही हे स्वतःहून दाखवलं. ती प्रत्येक ठिकाणी म्हणाली, "छान आहे." बाबांचा चेहरा उतरत गेला. बेडरूममध्येही ती "छान आहे" म्हणाली, तेव्हा त्यांनी पुढे होऊन व्हॅक्यूम क्लीनर बाजूला केला.

मी भिंतीला टेकले. मुलीने डागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "मी काही पाहिलं नाही."

"आता पाहा," बाबा त्यांच्या सरकारी इंग्रजीत म्हणाले.

तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "हे नक्की तुमच्या बाजूचे आहेत ना?"

मग तिने टॅबलेट दाखवला. पैसे कापण्याचं काहीतरी एक कारण निवडल्याशिवाय पुढचं पान उघडतच नव्हतं. ती सगळ्यांसाठी 'क्लीनिंग' निवडायची, कारण त्यात सगळ्यात कमी कापले जायचे. बाबांनी तिला ओव्हनपाशी नेऊन दार उघडलं. "यात अस्वच्छ काय आहे?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "इतकं स्वच्छ घर मी या आठवड्यात पाहिलं नाही. पण कार्पेट निवडलं तर अख्ख्या खोलीच्या कार्पेटचे पैसे कापले जातील. मग यांना जवळजवळ काहीच मिळणार नाही."

बाबांनी ओव्हनचं दार लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खोटं कारण लिहून मी कुणाची अनामत कापली नाही. पण घर तुझं, पैसे तुझे. तू ठरव." आणि ते ओव्हनपाशीच सोललेली बोटं चोळत उभे राहिले.

मला त्यांचा भयंकर राग आला. हे भारतात परत जातील, मैत्रिणीला तोंड मला दाखवायचं होतं. मुलीचं बोट 'क्लीनिंग'वर टेकायलाच आलं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "कार्पेट लिहा." का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या ओव्हनसमोर मला दुसरं काही म्हणवलं नाही.

त्यानंतर जे झालं ते मला अपेक्षितच नव्हतं. बाबांनी खिशातून मोजायचा टेप काढला, बेडरूममध्ये जाऊन डागापाशी बसले आणि मुलीला बोलावलं. डाग वीतभर, मग पैसे अख्ख्या खोलीचे कसे? तेवढा तुकडा बदला. तिने सांगितलं, असा पर्यायच नाही. बाबांनी पुन्हा मोजून दाखवलं. तिने मान हलवली.

तेव्हा बाबा उभे राहिले. दोन्ही हात पुढे धरून, आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "मॅडम, जरा बघा ना. मुलगी एकटी राहते. काही होत असेल तर करा."

तो आवाज मला ओळखीचा होता. आमच्या नागपूरच्या दारात सकाळी ठेकेदार उभे राहायचे आणि अगदी असंच बोलायचे. बाबा त्यांना आत घ्यायचे नाहीत.

मुलीने ऑफिसला फोन लावला, बराच वेळ बोलली, आणि तुकड्याचे पैसे लिहून घेतले. बाबांनी मान खाली घालून तिचे आभार मानले. मला ते बघवलं नाही.