अचल म्हटलेला पर्वत

माझी धाकटी बहीण शाळेतून निवृत्त झाली आणि उरलेले आयुष्य हिमालयाच्या पायथ्याशी नामस्मरणात घालवायचे, असे तिने ठरवले. दोन आश्रमांत खोली मिळत होती. एक दूर मैदानात, दुसरा डोंगराला लागून, तिथल्या नदीने आणलेल्या गोट्यांच्या उतारावर. तिने मला विचारले. मी तत्काळ दुसरा सुचवला. संस्कृतात पर्वताला अचल म्हणतात. जो चळतच नाही त्याच्या पायाशी भय कसले? आयुष्यभर विद्यार्थ्यांना व्युत्पत्ती शिकवलेल्या मला हा निर्णय शास्त्रशुद्ध वाटला. शिवाय नदी म्हणजे मला ठाऊक ती पवनारची धाम. काळ्या कातळातून वाहणारी ती नदी फुगते, ओसरते, पण आपली जागा सोडत नाही.

गेल्या श्रावणात पुतणी सेलूला आमच्याकडे आली. ती भूगर्भशास्त्र शिकवते. आत्याने पाठवलेले खोलीचे छायाचित्र ती मोबाईलवर कितीतरी वेळ पाहत राहिली.

“मोठेबाबा, हे जागा कोणं निवडली?”

“मीच. का?”

तिने मला अंगणात नेले. बांधकामाची ओली वाळू पडली होती. तिने एक पाट त्या वाळूत तिरका खुपसून पुढे रेटला. वाळूचा थर थरावर चढला, उंचवटा झाला. “असाच खालच्या तिरप्या भेगेवरून पहाड मैदानावर चढून राह्यला. अजूनही वाढते तो.” मग उंचवट्यातल्या घळीतून तिने तांब्याने पाणी सोडले. सपाटीवर येताच पाणी मंदावले, आणलेले खडे त्याने टाकले आणि सुपासारखा उतार पसरला. त्यावर तिने तुळशीची मंजिरी ठेवली. “हे आत्याची खोली.”

पाणी मंजिरीच्या डावीकडून गेले. तिने पाट बोटभर पुढे रेटला. डावीकडे नवा उंचवटा आला. पुढच्या तांब्याला पाणी तिकडे अडले, वळले, आणि मंजिरी दिसेनाशी झाली.

“पहाड हळू सरकते, मोठेबाबा. पाणी हळू सरकत नाई.”

“मग अचल हा शब्द खोटा?”

“शब्द खरा असन. पहाडाले माहीत नाई.”

तिकडे दोन दिवसांपासून पाऊस होता. बहिणीचा फोन लागेना. संध्येला बसलो. जप करताना मणी पुढे सरकत होते, मुखात नाम नव्हते. देवापुढे बसून मी केवळ घाबरत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लागला.

“काय दादा, इतके फोन? संध्या सोडली का?”

“खोली सोड. आत्ता.”

“काऊन? तुम्हीच तं म्हटलं होतं, पहाडाजवळ राह्य म्हणून.”

“मी चुकलो.”

तिचा आवाज बदलला. “तुम्ही चुकलो म्हणता? म्हणजे लयच वाईट आहे काहीतरी.” पाऊस ऐकून ती घाबरली नव्हती, माझा तो एक शब्द ऐकून घाबरली. “निघते. पोथी घेऊ का?”

“पोथी राहू दे. चप्पल घाल.”

फोन मी बंद करू दिला नाही. पुतणी नकाशा पाहून सांगत होती, उजवीकडे कातळावर गावची शाळा आहे. मी तेच पुढे सांगत होतो. बहिणीच्या पावलांखाली गोटे घसरल्याचा आवाज येई, आणि प्रत्येक वेळी मी तिला हाक मारी. अखेर ती म्हणाली, “बसली दादा, शाळेच्या पायरीवर.” मी फोन पुतणीच्या हाती दिला.

पाऊस उघडल्यावर पुतणीने तिला इकडे आणले. खोली त्या पावसाळ्यात शाबूत राहिली. आता बहीण हसते, परत जाऊ म्हणते. चूक झाली म्हणण्यातच माझी चूक झाली, असे तिला वाटते. तसेच असावे, अशी मी रोज प्रार्थना करतो. पण तिला जाऊ देत नाही.