वच्छलावहिनींची शेवंती

वच्छलावहिनी गेल्याचं मला बाभुळगावच्या मोटार स्टँडवर कळलं. यवतमाळच्या गाडीतून उतरलेल्या एका ओळखीच्या बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवता ठेवता सांगितलं, "तुमच्या पहिल्या घराजवळच्या त्या ओव्हरशियरच्या बाई होत्या नं... त्या गेल्या. कावीळ झालती म्हणते." ओव्हरशियरच्या बाई. त्यांचं नाव काही या बाईंना आठवेना, आणि मी सांगितलं तेव्हा "हो का, वच्छला होय," म्हणून त्या निघून गेल्या. ज्या बाईंच्या अंगणात, मी तिथं राहायला आल्यापासूनचं सांगायचं तर, निम्म्या यवतमाळच्या बायका काही ना काही मागायला येऊन गेल्या, त्यांचं नाव असं माझ्याकडून कळावं, याचं मला त्या क्षणी दुःखही झालं नाही. संताप आला. तो अजून गेलेला नाही, आणि हे लिहिताना तो लपवायचा माझा विचारही नाही.

तेरवीला गेले. पंगत उठल्यावर वहिनींच्या यजमानांचे, माधवरावांचे, कचेरीतले एक जुने साहेब चार शब्द बोलायला उभे राहिले. म्हणाले, बाई फार साध्या होत्या, घर आणि संसार यापलीकडे त्यांनी काही पाहिलं नाही. माधवरावांना बागेचा शौक, तोही त्यांनी निमूटपणे सांभाळला. माधवरावांची ती शेवंती तर साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे... माणसं माना डोलवत होती. त्यावर मी काय बोलले ते पुढे सांगते. आधी ती शेवंती कोणाची, ते नीट सांगायला हवं.

ज्या वर्षी आपला जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, त्या वर्षी मी यवतमाळला शाळेत नोकरीला लागले आणि वहिनींच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. एकच अंगण, सगळं फरशीचं. मातीचा कण नाही. घरमालकांनी आल्याआल्याच बजावलं होतं की फरशी उचकटायची नाही, कुठे खणायचं नाही. पहिल्याच आठवड्यात मी एक गळकी बालदी टाकून द्यायला निघाले, तर वहिनी दारात उभ्या. "फेकून कायले देता, विमलबाई? मले द्या नं." मी दिली. संध्याकाळी पाहते तर बालदीला खिळ्यानं आणखी भोकं पाडलेली, तळाशी खापऱ्या घातलेल्या, आणि वर मोगऱ्याची काडी. त्यांच्याकडे तेलाचे डबे होते, तुपाचे डबे होते, तडकलेले माठ, बूड गेलेलं घमेलं, एक पितळी पिंपही होतं ज्याला कल्हईवाल्यानं हात लावायला नकार दिला होता. भिंतीच्या कडेनं ही सगळी पलटण मांडलेली असे, आणि ऊन सरकेल तशा वहिनी ती सरकवत.

काळी माती डब्यात भरली की काय होतं ते आपल्याकडे कोणालाही सांगायला नको. ओली असेपर्यंत चिखल, वाळली की वीट. वहिनींचे पहिले गुलाब त्यातच कुजले. मग त्यांनी नाल्याची रेती आणली, कापसाच्या जिनातला सरकीचा कुजका कचरा आणला, जुनं शेण मिसळलं, आणि प्रत्येक डब्यात प्रमाण बदलून पाहिलं. कोणत्या डब्यात काय आहे ते त्यांच्या डोक्यात असे. कलमाच्या काड्या रेतीत खोचून त्यावर त्या कंदिलाची फुटकी काच पालथी घालत, म्हणजे आतला ओलावा उडून जाऊ नये. एकदा माझी चांगली काच त्यांनी मागितली. मी म्हटलं, अहो, ही फुटलेली नाही. तर हसून म्हणाल्या, "मंग फुटेस्तोवर थांबतो." मोगऱ्याची फांदी शेजारच्या डब्यात वाकवून दाबायची, तिला मुळं फुटली की आईपासून तोडायची, हे मी त्यांच्याकडून शिकले. गुलाबाला डोळा भरायलाही, म्हणजे रानटी खुंटाच्या सालीत चांगल्या गुलाबाचा डोळा बसवून बांधायलाही, त्यांनी शिकवलं, पण माझे डोळे कधी जगले नाहीत. त्यांचेही सगळे जगत नसत. मेलेली काडी उपटून त्या तिचं बूड निरखून पाहत, वास घेत, आणि दुसरी लावत. मला वाटतं, एखादी गोष्ट बिघडली म्हणून त्यांना कधी राग आलेला मी पाहिला नाही. काहून बिघडली, एवढंच त्यांना हवं असे.

अशाच एका हिवाळ्यात त्यांच्या पिवळ्या शेवंतीच्या एका फांदीला वेगळीच फुलं आली. बाकी झाड नेहमीसारखं पिवळं, आणि ही एकच फांदी तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखी, पाकळीची मागची बाजू मात्र फिकट. अंगणातल्या सगळ्या बायका येऊन पाहून गेल्या. दोन दिवस मोठं कौतुक झालं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर वहिनींनी ती फुलं शेंड्यासकट कापून टाकली होती. मला राहवलं नाही. "हे काय केलं हो वहिनी?"

"फूल पाहत बसलो तं फांदी हातची जाईन," त्या म्हणाल्या. "बुडातून पिल्लं फुटतीन थे पिवळेच येतीन. हा रंग फक्त या फांदीत हाय. फुलं काढली म्हणजे तिले बाजूनं कोंब फुटतीन. मंग थे कोंब लावतो."

आणि खरंच तसंच केलं. कोंब फुटले, त्यांच्या काड्या रेतीत गेल्या, वर काचा आल्या. बहुतेक कुजल्या. ज्या जगल्या त्यांना वहिनींनी दोन डब्यांत लावलं आणि त्या डब्यांभोवती ओलं पोतं गुंडाळलं, कारण उन्हाळा तोंडावर आला होता.

तो उन्हाळा वाईट होता. विहिरीचा तळ दिसायला लागला. वहिनींनी विहिरीचं पाणी झाडांना घालणं केव्हाच बंद केलं होतं. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, आणि दुसऱ्या एका धड घमेल्यात बसून स्वतःच्या आंघोळीचं साठवलेलं पाणी, एवढ्यावर त्यांची झाडं होती. तरी घरमालक अंगणात येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "पाण्यावर माणसं जगवायची का फुलं?" हे गृहस्थ रोज संध्याकाळी स्वतःच्या घरासमोरचा ओटा थंड व्हावा म्हणून बादल्याच्या बादल्या ओतायला लावत. ते कोणाला दिसलं नाही. फुलं दिसली. आठवड्याभरानं वहिनी माहेरी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेल्या होत्या, तेव्हा मालकांनी गड्याला सांगून डबे उचलून रस्त्यावर टाकायला सुरुवात केली. मी शाळेतून तेवढ्यात आले. गडी एकीकडून डबे नेत होता, आणि मी दुसरीकडून, हाताला लागेल ते, माझ्या खोलीत ओढत होते. माधवराव घरात होते. ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "जाऊ द्या विमलबाई, मालकाशी वाद कायले..." मी वाद घातला नाही. डबे ओढले. शेवंतीच्या दोन डब्यांपैकी एक माझ्या हाती लागला, दुसरा बैलगाडीखाली गेला.

वहिनी परत आल्या तेव्हा रडल्या नाहीत. रस्त्यावरचे गुलाब त्यांनी वेचून आणले, मुळं झटकून पाहिली आणि जगण्यासारखे होते ते पुन्हा लावले. माझ्या चुलीशेजारी ठेवलेल्या शेवंतीकडे खूप वेळ पाहिलं. म्हणाल्या, "धुरानं पानं मळली. पुसू नका, मी पुसतो." त्या एका डब्यातून पुढच्या हिवाळ्यात झाड फुललं. सगळं झाड. एकही पिवळं फूल नव्हतं.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे महाराष्ट्र झाल्यानंतर, गावात फुलांचं प्रदर्शन भरलं. नाव घरच्या पुरुषाचं द्यायचं असा काही नियम होता, की तसं सगळेच देत होते, कोण जाणे. माधवरावांनी स्वतःचं नाव दिलं. वहिनींनी तेलाचा डबा गेरूनं रंगवला, आणि मंडपापर्यंत तो स्वतःच्या मांडीवर घेऊन टांग्यात बसल्या. पहिलं बक्षीस शेवंतीलाच मिळालं. बक्षीस द्यायला पुण्याकडून नव्यानं बदलून आलेल्या एका बड्या साहेबांच्या पत्नी होत्या. त्या बिचाऱ्यांनी अगदी मनापासून विचारलं, "किती सुरेख रंग आहे हो. या जातीचं नाव काय?"

माधवराव हात जोडून म्हणाले, "नाव अजून ठेवलं नाही, बाईसाहेब. आपली परवानगी असेल तर आपलंच ठेवू."

टाळ्या झाल्या. शेवंतीला त्या बाईसाहेबांचं नाव पडलं, आणि झाड डब्यासकट बंगल्यावर पोचवण्याचंही तिथंच ठरलं. वहिनी माझ्याशेजारी, मागे बायकांत उभ्या होत्या. बाईसाहेबांचा मला राग नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पण तीन हिवाळे ज्यानं तो डबा वहिनींच्या हातात पाहिला होता, त्या माणसाच्या तोंडी एकदाही "माझ्या बायकोनं केलं" हे आलं नाही. परत येताना टांग्यात वहिनी एवढंच बोलल्या, "डब्बा तं वापस मांगाचा होता. त्याचे भोकं बरोबर पडले होते." माधवराव म्हणाले, "डब्याचं काय एवढं."

बंगल्यावर ती शेवंती जमिनीत लावली गेली आणि पहिल्याच पावसाळ्यात काळ्या मातीत कुजून गेली. वहिनींच्या घरी तिची पिल्लं होतीच. त्या हिवाळ्यापासून वहिनींनी एक नवीन सुरू केलं. जी बाई मागेल तिला त्या शेवंतीचं पिल्लू द्यायचं. पूर्वी त्या नव्या जातीच्या बाबतीत हात राखून असत, आता राखेनात. राजूरच्या खाणीवर नवरा असलेली एक बाई आली, तिला दिलं. तांड्यावरून शेण घेऊन येणाऱ्या जमनाबाईला दिलं. माझी बाभुळगावला बदली झाली तेव्हा मलाही भरलेला डबा दिला. कोणी नाव विचारलं की म्हणत, "नाव घेऊन काय करता? रेती जास्त घालजा, पाणी कमी घालजा. अन् एक पिल्लू दुसऱ्या कोणाले देजा." एकदा एका बाईनं कौतुकानं त्या बाईसाहेबांचं नाव घेतलं, तर वहिनी शांतपणे म्हणाल्या, "त्या नावाची माझ्यापाशी नाही. बंगल्यावर मिळन." एवढा एक त्यांचा राग मी पाहिला. मला तो पुरेसा वाटला नाही. मी कितीदा म्हटलं, तुम्ही माधवरावांना एकदा स्पष्ट बोला. त्या काडी छाटत राहत. एकदा म्हणाल्या, "त्यायले ठाऊक नाही का? ठाऊक असलेल्या माणसाले काय सांगू?"

तर तेरवीला, साहेब बोलून बसल्यावर, मी उठले. शाळेत पोरांसमोर बोलायची सवय, म्हणून आवाज मोठाच निघाला असेल. म्हटलं, "ती शेवंती माधवरावांची नव्हती. ती वच्छलावहिनींनी केली. मी पाहिलं आहे. इथं बसलेल्या निम्म्या बायकांनी पाहिलं आहे." मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. तेरवीच्या दिवशी असं बोलायचं नसतं, हे मलाही कळतं. नागपूरहून आलेली त्यांची मुलगी शोभा पदर तोंडाला लावून रडायला लागली. आणि मग माधवराव, पाटावर बसलेले, खाली मान घालून म्हणाले, "बरोबर हाय. तिचीच होती. मले तं डोळा भरताही येत नाही."

लोक म्हणतात, बघा, किती मोठ्या मनानं कबूल केलं. मला तसं म्हणता येत नाही. त्या माणसाची मला कीव आली, खोटं कशाला सांगू, म्हातारा तेरा दिवसांत वाकला होता. पण हे वाक्य प्रदर्शनाच्या मंडपात बोलायचं होतं. तेव्हा ते ऐकायला वहिनी चार हातांवर उभ्या होत्या. आता ते आम्ही ऐकलं, त्याचा आम्हाला काय उपयोग? बाई जिवंत असताना तिचं श्रेय घरात ठेवायचं आणि गेल्यावर पंगतीला वाटायचं, ही जी आपल्याकडची रीत आहे ना, तिला मोठं मन म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

माधवराव आता शोभाकडे नागपूरला गेले. डबे त्यांनी बायकांना घेऊन जा म्हणून सांगितलं, आणि दोन दिवसांत सगळे गेले. परवा यवतमाळला काम होतं म्हणून मी त्या घराकडे वळले. नवे भाडेकरू यायचे आहेत. अंगण रिकामं होतं, आणि मालकांचा गडी उकिडवा बसून विटकरीच्या तुकड्यानं फरशी घासत होता. भिंतीच्या कडेनं, जिथं जिथं डबे असत, तिथं तिथं फरशीवर गंजाचे डाग उमटले आहेत. तेलाच्या डब्यांचे चौकोन, घमेल्याचं मोठं वर्तुळ, बालदीचं लहान. ऊन सरकेल तसे डबे सरकत, म्हणून एकात एक गुंतलेले. मालक ओट्यावर उभे राहून सांगत होते, चुना टाक, लिंबू टाक, राख टाक.

"सारं टाकून पाह्यलं मालक," गडी म्हणाला, "निघून नाही राह्यले."

मी त्या डागांपाशी गेले. मग त्याला म्हटलं, "राहू दे बाबा. हात दुखतील." त्यानं मालकांकडे पाहिलं आणि पुन्हा घासायला लागला.